तंबूतून दिलेला होकार

मी रोमानिया पाहिला आहे, हे आमच्या तांड्यात कोणालाही ठाऊक नाही.

तिथं कामाला होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ब्राशोव नावाच्या शहराबाहेर एका लाकडाच्या कारखान्यात मी कपाटांच्या फळ्या कापायचो, हे तर पोराटोरांनाही तोंडपाठ आहे. पण पाहिला – म्हणजे जुन्या गाडीतून हिंडून, कुरणात तंबू ठोकून, किल्ले आणि लाकडी देवळं बघत पाहिला – हे मी कधीच कोणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही. याडीपुढं नाही – आम्ही बंजारे, आईला याडी म्हणतो, भावाला भिया. फोटो आहेत. जुन्या मोबाइलमध्ये पडून आहेत, आणि तो मोबाइल बिघडलाय असं मी घरात सांगून ठेवलं आहे. बघा, सुरुवातच खोट्यानं झाली.

तुम्ही म्हणाल, फिरायला गेला तर गेला. जवान पोरगा, परदेशात होता, चार दिवस मजा केली – त्यात लपवण्यासारखं काय? मीही स्वतःला कितीतरी वर्षं हेच सांगत आलो. पण तुमच्याशी बोलायला बसलोच आहे, तर निदान तुमच्यापुढं तरी सारवासारव नको.

जमुनाबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

जमुना माझ्या पाठची बहीण. बाप गेला तेव्हा ती इतकी लहान होती की तिला तो आठवतही नाही. काकानं आम्हाला वाढवलं, आणि नीट वाढवलं. त्याच्यावर मी इथं काहीही ढकलणार नाही. जमुना हुशार होती, आणि तेवढीच भांडखोर. कोंबडी आजारी पडली तरी तिला काय पाजायचं यावरून याडीशी वाद घालायची, आणि बहुतेक वेळा हिचंच बरोबर निघायचं. बारावीनंतर तिला यवतमाळला नर्सिंगला मीच घातलं. मी तेव्हा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होतो. काका नको म्हणत होता, मी हट्टाला पेटलो. होस्टेलच्या दारात तिची पेटी उतरवून दिली तेव्हा ती रडली नाही. मलाच म्हणाली, "जा आता, लोकं पाहून राह्यले." आम्ही घरात गोरबोली बोलतो, पण इथं मी ते वऱ्हाडीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून.

तर, मी तिचा भाऊ असा होतो. असा होतो – हे मी कशाला सांगतो आहे? स्वतःला जरा बरं दाखवायला? असेल. ते वाक्य वाचून सोडून द्या.

पुढं मी एजंटामार्फत रोमानियाला गेलो. जमुना तेव्हा पहिल्या वर्षाला होती. फोनवर मला हाडांची नावं म्हणून दाखवायची, आणि मी कारखान्याच्या बसमध्ये डुलक्या घेत हं हं म्हणायचो. तिकडं काकानं तिच्यासाठी स्थळ पाहिलं. फुलसावंगीकडच्या एका तांड्यातलं. घर बरं होतं, मुलगा धडधाकट होता. पण मुलाकडच्यांना घाई होती, आणि ती घाई कशाची हे आमच्याकडं कोणालाही सांगावं लागत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघायचं, तर जोडी लागते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धाच कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. त्यांना सून नको होती असं नाही. पण त्याआधी त्यांना उरलेला अर्धा कोयता हवा होता.

जमुनाचा फोन आला. रडत नव्हती, घाईघाईनं बोलत होती.

"भिया, तू ये. तू समोर बसून नाई म्हणशीन तर नायक ऐकते. फोनवर म्हटलेलं कोणी ऐकत नाई. मले ऊस तोडाले नाई जायचं."

तिचं म्हणणं खरं होतं. आमच्यात सोयरीक ठरली की तांड्याच्या नायकासमोर, पंचांसमोर गूळ वाटतात. गूळ तोंडात गेला की शब्द पक्का. त्यानंतर माघार घेतली तर दोन तांडे एकमेकांच्या अंगावर येतात. आणि मुलीचा बाप नसेल, तर गूळ वाटा असं मोठ्या भावानं म्हणावं लागतं, अशी आमच्या तांड्याची रीत. काका कितीही मोठा असो, त्याचं म्हणणं तिथं अर्धंच धरतात. नायक भावाच्या तोंडाकडं बघतो. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर होतं. मी तिला म्हणालो, येतो. मी येईपर्यंत गूळ वाटू देणार नाही.

आणि मला सुट्टी मिळाली. हे नीट ऐका, कारण खोटं इथूनच फुटतं – मला सुट्टी मिळाली होती. आमची सुपरवायझर एक उंच, कमी बोलणारी बाई होती. कारण विचारलं. मोडक्यातोडक्या भाषेत मी सांगितलं की बहिणीच्या लग्नाचं ठरतंय, भावानं असायला हवं. तिनं लगेच सही केली. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, बहिणीला माझ्याकडून शुभेच्छा सांग. जमुनाच्या नावावर मिळालेली सुट्टी होती ती.

त्याच आठवड्यात अस्लमची गाडी चालू झाली. अस्लम पुसदचा, त्याच्या बापाचं तिथं गॅरेज आहे. आम्ही एकाच खोलीत राहायचो. कारखान्याच्या मागं एक भंगार गाडी पडली होती, ती त्यानं रविवारी रविवारी खटपट करून रस्त्यावर आणली. सुपरमार्केटमधून स्वस्तातला निळा तंबू आणला. म्हणाला, दोन-तीन दिवस हिंडू, मग तुला विमानतळावर सोडतो. मी म्हटलं चल. वर्षभरात मी त्या देशातलं काय पाहिलं होतं? खोली, बस आणि करवतीचं पातं.

आम्ही गरिबाच्या रीतीनं फिरलो. ब्रानचा किल्ला आत न जाता खालूनच पाहिला, शेजारच्या भिंतीवर बसून पाव-कांदा खाल्ला. सिघिशोआरा नावाचं एक जुनं गाव आहे, टेकडीवर. फरशीच्या अरुंद गल्ल्या, रंगीत घरं, आणि वर घड्याळाचा मोठा बुरूज. त्या बुरुजाखाली अस्लमनं गॅसची शेगडी पेटवली आणि एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला हाकलून लावलं. हसून हसून पोट दुखलं. मोठं सुंदर होतं सगळं. का सुंदर नव्हतं म्हणू? उतारावर गवताच्या गंजी, मधोमध खांब रोवून रचलेल्या. घोडागाड्यांवर गवताचे भारे, वर बसलेल्या बाया. कुठंही थांबा, तंबू ठोका, कोणी विचारत नव्हतं मी कोण, कोणाचा, कोणत्या तांड्याचा. ते मला फार आवडलं. कोणीच मला ओळखत नाही आणि कोणालाच माझ्याकडून काही नको – असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

सिघिशोआरातून निघताना अस्लमनं गाडी थांबवली. तिथून बुकारेस्टला, म्हणजे विमानतळाकडं वळायचं ठरलं होतं. तो म्हणाला, "बोल, एरपोर्ट?" तिकीट मी काढलंच नव्हतं. उद्या काढू, उद्या काढू असं चाललं होतं. मी म्हटलं, अजून उत्तरेला जाऊ, तिकडं लाकडी देवळं आहेत म्हणतात.

का म्हटलं? ह्या प्रश्नाला मी आजवर किती उत्तरं दिली असतील. थकलो होतो. तरुण होतो. एकदा गेलो तर परत येऊ देतील की नाही, ही भीती होती. ह्यातलं कुठलंच खरं नाही. खरं इतकंच की मला नायकासमोर बसायचं नव्हतं. काका समोर बसलेला असताना, ज्यानं मला खांद्यावर घेऊन शाळेत नेलं त्याच्या तोंडावर, चार पंचांसमोर नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. नर्सिंगच्या वेळी मी हट्ट केला होता तो घरातल्या घरात. हे भर बैठकीत होतं. मी भित्रा आहे. तेव्हा कळलं नव्हतं असंही नाही. कळलं होतं, म्हणून तर मी देवळं पाहायला गेलो.

मारामुरेश म्हणतात त्या भागाला. इझा नदीच्या काठी कुरणात आम्ही तंबू ठोकला होता. समोर लाकडी देऊळ, त्याचं टोकदार शिखर झाडांच्याही वर गेलेलं. सकाळी मी नदीवर तोंड धुवत होतो आणि काकाचा फोन आला. व्हिडिओ कॉल. पाहुणे आले होते. मला न कळवता बैठक बसली होती – की काकानं आधी फोन केले होते आणि मी उचलले नव्हते? उचलले नव्हते. आणि त्यांत जमुनाचेही होते.

मी फोन कापला. तंबूत शिरलो. चेन ओढून घेतली. कारखान्याचं जॅकेट थंडीसाठी सोबत आणलं होतं, ते चढवलं, गळ्यापर्यंत बंद केलं. मागं निळं कापड येईल असा बसलो. एवढी तयारी मी केली. घाबरून बोलून गेलो, तोंडातून निसटलं, असं कोणी म्हणू नये म्हणून हे सांगतो. मग काकाला फोन लावला आणि म्हणालो, खोलीतच आहे, आत्ता ड्यूटीवरून आलो.

तिकडं फोन डब्याला टेकवून ठेवला होता. नायक दिसत होता, पंच, पाहुणे, ताटात गुळाची ढेप. कुरणात गाई सुटल्या होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. काकानं विचारलं, "घंटा कायच्या वाजून राह्यल्या?" मी म्हणालो, बाजूच्या कारखान्यातलं मशीन आहे. गुराढोरांत जन्म गेलेला माणूस तो. पण मी म्हटलं म्हणून त्यानं मान डोलावली.

मग नायकानं विचारलं, "बोल बापा, तुह्यं काय म्हणणं हाय? तू येऊन राह्यला का?"

मागं दाराच्या चौकटीत जमुना उभी होती. होस्टेलवरून बोलावून घेतली असणार. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता, तिला तशी मी कधी पाहिली नव्हती. ती फोनकडं बघत होती. माझ्याकडं. काही खूण केली नाही, मान हलवली नाही. नुसती बघत राहिली, कारण तिच्या हिशेबानं मी काय म्हणणार हे ठरलेलं होतं.

मी म्हणालो, "मालक सुट्टी देऊन नाई राह्यला, नायक. मी नाई येऊ शकत. तुमी मोठे हा. वाटा गूळ."

हाच तो शब्द. ह्यासाठी मी तुम्हाला एवढं फिरवलं. दोन दिवस थांबा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. भाऊ थांबा म्हणाला तर नायकाला थांबावं लागलं असतं. मी वाटा म्हणालो. चौकटीत पुन्हा पाहिलं तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

बाहेर अस्लम पोहे करत होता. कापडाची भिंत ती, त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "झूठ कायको बोला बे? अभी बी निकल जा. मैं छोडता." मी म्हटलं, तुला आमच्यातलं कळत नाही. त्यानं माझ्यापुढं पोह्यांची ताटली ठेवली आणि मी ती खाल्ली. पुन्हा मागून घेतली. त्याच दिवशी आम्ही सापान्त्साची दफनभूमी पाहायला गेलो. तिथं प्रत्येक कबरीवर रंगवलेली लाकडी फळी असते, मेलेल्या माणसाचं चित्र आणि खाली त्याची खरीखुरी हकीकत – दारू प्यायचा, बायकोला छळायचा, जे असेल ते. अस्लम मोबाइल धरून अर्थ लावत होता आणि मी हसत होतो. तुम्हाला वाटेल, माझ्या मनात काहीतरी ढवळलं असेल. नाही. त्या दिवशी मी मजेत होतो. संकट टळलं होतं ना.

दिवाळीआधी लग्न झालं. नर्सिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर राहिलं. याडीनं तिचे पांढरे कपडे पेटीत ठेवून दिले. आमच्यात नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्या रडण्याला ढावलो म्हणतात. त्यात ज्याच्या गळ्यात पडली त्याचंच नाव घेऊन गाते. माझ्या जागी चुलतभाऊ उभा केला होता, असं याडीनं फोनवर सांगितलं. मी विचारलं, काय गायली? याडी म्हणाली, आवाजच फुटला नाही तिचा.

त्या हंगामात ती पश्चिमेकडं ऊस तोडायला गेली. पुढच्या हंगामातही गेली, पोटात सातव्या महिन्याचं मूल घेऊन. फडात एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. हे साधं दुखणं नाही, दवाखान्यात न्या, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. तिला कळत होतं. दीड वर्ष ती तेच तर शिकली होती. मुकादम म्हणाला, ट्रॅक्टर भरून निघाला की नेतो. ट्रॅक्टर भरायला वेळ लागला. मूल मेलेलंच जन्मलं, उसाच्या पाचटावर. नाळ जमुनानं स्वतः कापली, जवळच्या बायांना काय उकळायचं, काय बांधायचं हे पडल्या पडल्या सांगत. याडी हे मला फोनवर सांगत होती तेव्हा मी खोलीत होतो. ह्या वेळी खरोखरच खोलीत होतो. मी भिंतीला डोकं लावून बसलो आणि याडीला म्हणालो, काळजी घे म्हणावं. दुसरं काय म्हणणार होतो मी? माझ्याकडं म्हणायला शब्द होता तेव्हा मी तो गुळावर घालवला होता.

करार संपल्यावर मी परत आलो. जमुनाला भेटायला गेलो. ती हंगामावरून नुकतीच आली होती. काळी पडलेली, हाताला चरे, बोटं नीट मिटत नव्हती. मला पाहिलं आणि हातातली घागर खाली ठेवून ती माझ्या गळ्यात पडली. ढावलो सुरू केला. भावाला पुष्कळ दिवसांनी भेटलेली बहीण तसं करतेच, त्यात नवल नाही. अंगणात बाया गोळा झाल्या. जमुना सुरात गात होती – माझा भिया परमुलखात होता, बायांनो, माझा भिया यायला निघाला होता, त्याच्या मालकाच्या काळजाचा दगड होता, त्यानं माझ्या भियाला सोडलं नाही. आला असता तर त्यानं गूळ वाटू दिला नसता. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. तिची सासूसुद्धा रडली. सगळ्या तांड्यासमोर ती माझ्यावरचा डाग धुऊन काढत होती, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

मग बाया पांगल्या. ती चुलीपाशी चहा करायला बसली, मी बाजेवर. काडक्या ओल्या होत्या, ती फुंकर घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भिया, तुह्या त्या रूमची भिंत हालून राह्यलती."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्या सकाळी नदीवरून वारा येत होता.

तिनं चहा गाळला. माझ्या हातात कप दिला, साखर बरी आहे का विचारलं. मी हो म्हणालो. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो – भांडलो असतो, पाया पडलो असतो. तिनं जागाच ठेवली नाही. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौकटीत उभी होती तेव्हाच माहीत होतं. ती तिथून ओरडून म्हणू शकली असती की हा खोटं बोलतो. ती बोलली नाही, आत निघून गेली. काहून, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायचं कोणत्या तोंडानं?

त्यानंतर तो विषय तिनं कधीच काढला नाही. ती अजूनही ऊस तोडायला जाते. अस्लमचं पुसदला स्वतःचं गॅरेज झालं आहे, माझ्या मोटारसायकलचं काम तोच करतो, आणि आम्ही दोघं रोमानियाचं नाव काढत नाही.

यंदाही जमुना हंगामावरून आली तेव्हा मी तिला भेटायला गेलो होतो. ती गळ्यात पडली. मालकानं माझ्या भियाला सोडलं नाही, असंच गायली. बाया रडल्या. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि नंतर तिनं केलेला चहा प्यालो.